रेसिड्यूअल खाली येत नाहीत, मग आकडा द्यायचा की नाही?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काही चुकीचं समजलो असेन तर लगेच कळेल. पाण्याचा प्रवाह कॉम्प्युटरवर सोडवण्याचं (सीएफडीचं) काम आहे. ३०० मिलिमीटरचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपात फिरणाऱ्या तबकडीची झडप, तबकडी पूर्ण उघड्या स्थितीपासून ३० अंश फिरवलेली. पाइपात पाणी २ मीटर प्रति सेकंद वेगाने येतंय. १२ लाख सेलची मेश (प्रवाहाची जागा छोट्या तुकड्यांत, म्हणजे सेलमध्ये, वाटणारी जाळी), के-ओमेगा एसएसटी हे टर्ब्युलन्सचं मॉडेल, स्टेडी रन, म्हणजे प्रवाह काळानुसार बदलत नाही असं धरून. व्हॉल्व्हच्या अलीकडे पाच व्यास पाइप आणि पलीकडे तीन व्यास. ४००० इटरेशन (हिशेबाच्या फेऱ्या) झाले, पाच तास गेले, पण कंटिन्युइटीचा (आत आलेलं पाणी बाहेर जातंय ना, या समीकरणाचा) रेसिड्यूअल, म्हणजे उरलेली चूक, ०.००३ च्या आसपास येऊन थांबलाय आणि तिथेच खालीवर होतोय. प्रेशर ड्रॉप ७.४ ते ८.३ किलोपास्कलच्या मध्ये झोके घेतोय. अंडर-रिलॅक्सेशन, म्हणजे दर इटरेशनला उत्तर किती बदलू द्यायचं तो गुणक, कमी करून पाहिलंत, फरक पडला नाही. फर्स्ट ऑर्डर स्कीम (सेलमधली मूल्यं काढायची ढोबळ रीत; सेकंड ऑर्डर ही जास्त अचूक) लावल्यावर मात्र सगळं झटक्यात कन्व्हर्ज झालं, म्हणजे एका उत्तरावर स्थिरावलं, आणि ८.८ आला. साहेबांना शुक्रवारी आकडा हवाय, आणि तुम्ही विचारताय की ८.८ देऊन मोकळं व्हावं का.

८.८ देऊ नका. तुमच्याकडच्या तीन आकड्यांपैकी सर्वांत कमी भरवशाचा तोच आहे, आणि दिसायला सर्वांत गोंडसही तोच. फर्स्ट ऑर्डर अपविंडमध्ये गणिताची स्वतःची एक कृत्रिम चिकटाई असते. पाणी प्रत्यक्षात असतं त्यापेक्षा घट्ट असल्यासारखं वागतं, तबकडीमागचे भोवरे त्यात विरून जातात, हलायला काही उरतच नाही आणि रेसिड्यूअल गुमान खाली येतो. तो रन सेकंड ऑर्डरसाठी सुरुवातीचा अंदाज म्हणून वापरायला उत्तम. रिपोर्टमध्ये त्याला जागा नाही.

आता मुख्य मुद्दा. ‘कन्व्हर्ज झालं नाही’ हे एकच वाक्य दोन अगदी वेगळ्या परिस्थितींसाठी वापरलं जातं. एक, हिशेबच बिघडलाय: मेश खराब आहे, सीमेवरची अट चुकली आहे किंवा सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) अडखळतोय. दुसरी, हिशेब ठीक आहे पण प्रवाहच स्थिर नाही, आणि आपण सॉल्व्हरकडे स्थिर उत्तराचा हट्ट धरून बसलोय. पहिल्या परिस्थितीत आकडा फेकून द्यायचा. दुसरीत त्यातून बरंच काही शिकता येतं, कधीकधी तो वापरताही येतो. रेसिड्यूअलचा आलेख नुसता बघून या दोन्हींतला फरक ओळखता येत नाही, आणि तुमची सगळी झटापट त्या आलेखाशीच चाललेली दिसते.

त्या आलेखाला किती मान द्यायचा तेही सांगतो. ०.००१, म्हणजे आपण ज्याला ‘वन-ई-मायनस-थ्री’ म्हणतो, तो काही निसर्गनियम नाही. फ्लुएंट या सीएफडी सॉफ्टवेअरमध्ये कंटिन्युइटीचा स्केल्ड रेसिड्यूअल हा पहिल्या पाच इटरेशनमधल्या सर्वांत मोठ्या मूल्याने भागलेला असतो. म्हणजे तुमचा सुरुवातीचा अंदाज जितका चांगला, तितका तो भाजक लहान, आणि रेसिड्यूअल खाली आणणं तितकं अवघड! आधीच्या रनवरून पुढे सुरुवात केली की ०.०१ ला अडकलेला आलेख दिसतो आणि उत्तर मात्र ठीक असतं. उलट, शून्य वेगापासून सुरुवात करा, पहिली पाच इटरेशनं भयंकर जातात आणि पुढचं सगळं आपोआप छान दिसतं. ओपनफोम या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भागायची पद्धत वेगळी, त्यामुळे एकाच्या ०.००१ ची दुसऱ्याच्या ०.००१ शी तुलना करण्यात अर्थ नाही.

अंडर-रिलॅक्सेशनचंही तेच. प्रेशरला ०.३ आणि मोमेंटमला ०.७ ही आपण सगळे डोळे मिटून वापरतो ती जोडी सिंपल (SIMPLE) या दाब आणि वेग जुळवून घेण्याच्या पद्धतीबरोबर रूढ झाली. ती पद्धत पाटणकर आणि स्पाल्डिंग यांनी १९७२ साली मांडली. (यातले सुहास पाटणकर पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. पुण्यातल्या किती सीएफडीवाल्यांना हे माहीत असतं, देव जाणे.) तुम्ही हे आकडे ०.१ वर आणलेत, म्हणजे प्रत्येक इटरेशनमध्ये उत्तर हलतं कमी, इतकंच. मॉनिटरची (प्रेशर ड्रॉपच्या आलेखाची) रेघ सपाट दिसायला लागते, पण बैलगाडी हळू झाली म्हणजे गाव आलं असं होत नाही. मी असे रन पाहिलेत की ज्यात रेघ दोन हजार इटरेशन आडवी वाटत होती, आणि उभा अक्ष ताणल्यावर कळलं की ती सावकाश उतरत होती.

मग बघायचं काय? मी आलेख बाजूला ठेवून सर्वांत आधी आत-बाहेरचा हिशेब लावतो. तुमच्या पाइपाचं क्षेत्रफळ ०.०७०७ चौरस मीटर, म्हणजे सेकंदाला साधारण १४१ किलो पाणी आत येतंय. इनलेट आणि आउटलेटच्या मास फ्लोमधला फरक काढा. तो ०.१ टक्क्याच्या, म्हणजे ०.१४ किलोच्या आत असायला हवा. माझ्या अनुभवात अशा साध्या केसमध्ये तो त्याहून बराच कमी निघतो. एक-दोन किलोचा फरक असेल तर पुढे काही वाचायचीच गरज नाही, हिशेब बिघडलाय.

त्यानंतर रेसिड्यूअल नेमका कुठे अडकलाय ते बघा. ही गोष्ट फार कमी जण करतात, खरं तर निम्म्याहून जास्त वेळा उत्तर इथेच मिळतं. आलेखावर दिसणारा ०.००३ हा सगळ्या सेलचा मिळून एक आकडा. सॉल्व्हरला सेलनिहाय रेसिड्यूअल साठवायला सांगा (फ्लुएंटमध्ये त्यासाठी वेगळी खूण करावी लागते), पन्नासेक इटरेशन चालवा आणि सर्वांत मोठी मूल्यं असलेले सेल तेवढे स्क्रीनवर काढा. गेल्याच वर्षी आमच्याकडे नवीन लागलेल्या एका मुलीचा रन असाच अडला होता. तिने तीन दिवस सेटिंग बदलण्यात घालवले. सेल काढून बघितले तर जेमतेम पंचवीस सेल, सगळे शाफ्ट जिथे तबकडीत शिरतो त्या कोपऱ्यात. भिंतीलगतचे थर तिथे चेपले जाऊन एकावर एक चढले होते, स्क्यूनेस (सेलचा वाकडेपणा, १ म्हणजे सर्वांत वाईट) ०.९७. कोपऱ्याला दोन मिलिमीटरची गोलाई दिली, तेवढाच भाग पुन्हा मेश केला आणि रन सुतासारखा सरळ झाला. तुमच्याकडेही असा खिळा निघाला तर आनंद माना, हा सर्वांत स्वस्त इलाज आहे.

पण मला वाटतं, तुमच्याकडे चित्र वेगळं निघेल. मोठ्या रेसिड्यूअलचे सेल तबकडीच्या मागे धुराच्या लोटासारखे पसरलेले दिसतील, आणि शंभर इटरेशनांनी पुन्हा पाहिलंत तर त्यांची जागा बदललेली असेल. तसं दिसलं तर प्रवाहच हलतोय असं समजा. ३० अंश वळलेली तबकडी म्हणजे प्रवाहात तिरपी धरलेली फळी. तिच्या दोन्ही कडांवरून पाणी सुटतं आणि मागे भोवरे आळीपाळीने निसटत राहतात.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे साधा गोल दंडगोल. रेनॉल्ड्स अंक (प्रवाहाचा जोर आणि चिकटपणा यांचं गुणोत्तर) साधारण ४७ च्या वर गेला की त्याच्या मागचा प्रवाह स्थिर राहत नाही, भोवऱ्यांची रांग सुरू होते. थिओडोर फॉन कार्मान यांनी १९११ मध्ये तिचं विश्लेषण केलं, म्हणून तिला त्यांचं नाव पडलं. आता गंमत बघा. रेनॉल्ड्स १०० ला अर्धाच दंडगोल घ्या, मधल्या रेषेवर सिमेट्री (दुसरा अर्धा आरशातल्यासारखा सारखाच, अशी अट) लावा, स्टेडी चालवा. अप्रतिम कन्व्हर्ज होतो, रेसिड्यूअल पाताळात जातो, आणि ड्रॅगचा (प्रवाहाच्या ओढीचा) गुणांक मिळतो १.०६ च्या जवळपास. पूर्ण दंडगोल घेऊन काळानुसार चालवलं तर सरासरी येते सुमारे १.३३. खरं उत्तर दुसरं. म्हणजे पूर्ण कन्व्हर्ज झालेला रन २० टक्के कमी सांगतो, आणि ज्या रनचा रेसिड्यूअल हट्टाने नाचत राहिला असता तो निदान काहीतरी गडबड आहे हे तरी ओरडून सांगत होता.

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका धूळ-गाळणीच्या आधीच्या रुंदावत जाणाऱ्या डक्टचं काम माझ्याकडे होतं. मशीनमध्ये रॅम आठ जीबी, म्हणून मी अर्धी डक्ट घेतली, मध्ये सिमेट्री. रेसिड्यूअल सहा घरं (दर घर म्हणजे दहा पट) खाली. रंगीत चित्रं काढली, वेगाचं वाटप किती समान आहे ते मिटिंगमध्ये ऐटीत दाखवलं. साइटवर पिटो नळी (वेग मोजायची नळी) घालून मोजलं तर सगळी हवा एका भिंतीला चिकटून चाललेली, दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच नाही. रुंद कोनाच्या डिफ्यूजरमध्ये असं होतं. भूमिती दोन्हीकडे सारखी असली तरी प्रवाह एक बाजू निवडतो, आणि अर्ध्या मॉडेलमध्ये त्याला निवडायला बाजूच नव्हती. आमचे साहेब फारसं बोलत नसत. त्यांनी चित्र पाहिलं आणि एवढंच विचारलं, “उरलेली अर्धी डक्ट कुठे ठेवलीस?” तेव्हापासून एखादा रन फार सहज कन्व्हर्ज झाला की मला थोडी धाकधूकच वाटते.

परत तुमच्या व्हॉल्व्हकडे. तुमच्या सेटअपमध्ये एक गोष्ट मला रेसिड्यूअलपेक्षा जास्त खटकते, ती म्हणजे आउटलेट. तबकडीच्या मागे फक्त तीन व्यास. आउटलेटवर उलटा प्रवाह येतोय असा इशारा दर इटरेशनला छापला जातोय असंही तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. ते सुरुवातीला लिहायला हवं होतं! भोवऱ्यांचा पट्टा आउटलेटपर्यंत पोचतोय आणि तुम्ही त्याच्या मधोमध एकसारखा दाब बसवलाय. प्रवाहाला हलायचंय आणि आउटलेट त्याला धरून ठेवतंय. रेसिड्यूअल नाचण्यात याचा वाटा नक्की असणार.

शिवाय मोजमापाच्या दृष्टीनेही ते चूक आहे. कंट्रोल व्हॉल्व्हची क्षमता मोजण्याच्या आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकात दाबाचे टॅप (दाब मोजायची छिद्रं) व्हॉल्व्हच्या अलीकडे दोन व्यास आणि पलीकडे सहा व्यास असे असतात. पलीकडे सहा का? व्हॉल्व्हमध्ये पडलेला दाब पुढे थोडा परत चढतो, आणि तो चढून झाल्यावर मोजायचं असतं. तुमचा पाइप तर टॅपच्या आधीच संपतो. म्हणजे तुमच्या ड्रॉपमध्ये परत मिळणारा दाबही तोटा म्हणून धरला गेला असण्याची शक्यता आहे.

हे मी मुद्दाम आधी सांगितलं, कारण तुम्ही पुढचं गणित केलंत तर हुरळून जाल. ७.४ आणि ८.३ चा मध्य ७.८५. गतिदाब, म्हणजे अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग, साधारण २ किलोपास्कल. भागल्यावर तोट्याचा गुणांक येतो ३.९. आता वाइसबाख यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या तक्त्यात पातळ तबकडीच्या झडपेला ३० अंशाला ३.९१ दिलाय. वाह! पण तुमची तबकडी पातळ पत्रा नाही, मध्ये शाफ्टचा फुगवटा आहे, आणि तुमचा दाब चुकीच्या जागी मोजलाय. दोन चुका एकमेकींना खाऊन आकडा जुळला असेल. त्या तक्त्याचा उपयोग इतकाच की तुमचं उत्तर योग्य गल्लीत आहे. ४० आलं असतं किंवा ०.४ आलं असतं, तर काहीतरी मुळातच चुकलंय हे कळलं असतं. तक्त्यात २० अंशाला १.५४ आणि ४० अंशाला १०.८ आहे, हेही ध्यानात घ्या: कोन दोन अंशांनी चुकला तरी ड्रॉप तुमच्या झोक्यांपेक्षा जास्त बदलतो. कॅडमध्ये कोन कुठून मोजलाय ते एकदा ड्रॉइंगवर बघून या. हसू नका, मी स्वतः एकदा उघडा आणि बंद उलटे धरलेत.

तर करायचं काय. पलीकडचा पाइप १५ व्यास करा, सरळ पाइपाची मेश लांबट सेलची चालते, फार वाढणार नाही. आधी स्टेडीच चालवा. सेकंड ऑर्डर, रिलॅक्सेशन नेहमीचं. कदाचित एवढ्यानेच झोके बरेच कमी होतील. उरलेच, तर ट्रान्झिएंटला, म्हणजे प्रवाह काळानुसार पावलापावलाने सोडवण्याला, जा.

टाइम स्टेप किती, हा पुढचा प्रश्न येणारच, म्हणून हिशेब करून देतो. भोवरे सुटण्याची वारंवारता अंदाजायला स्ट्रूहाल अंक (वारंवारता गुणिले उंची भागिले वेग) ०.२ धरा. प्रवाहासमोर तबकडीची उंची ३०० मिलिमीटरची निम्मी, कारण ३० अंशाची साइन अर्धी, म्हणजे ०.१५ मीटर. फटीतून जाताना वेग वाढतो, तो ३ मीटर प्रति सेकंद धरू. ०.२ गुणिले ३ भागिले ०.१५, सेकंदाला चार चक्रं. एक चक्र पाव सेकंदाचं. पाइपात कोंडलेल्या तिरप्या तबकडीला हा अंदाज ढोबळच आहे, पण टाइम स्टेप ठरवायला पुरतो: एका चक्रात पन्नास पावलं, म्हणजे ०.००५ सेकंद. आता पूर्ण लांबी पाच अधिक पंधरा, वीस व्यास, ६ मीटर. पाणी त्यातून तीन सेकंदांत पार होतं. पहिले तीन सेकंद टाकून द्या, पुढच्या पाच सेकंदांची, म्हणजे वीसेक चक्रांची सरासरी घ्या. आठ सेकंद म्हणजे १६०० पावलं, प्रत्येकात पंधरा इटरेशन धरली तर २४,०००. तुमच्या ४००० ला पाच तास लागले, म्हणजे याला तीस, वाढलेल्या पाइपामुळे चाळीस धरा. आज मंगळवार. बसतंय.

आणि हो, ट्रान्झिएंट केलं म्हणजे कन्व्हर्जन्सची कटकट संपली असं नाही. आता प्रत्येक पावलाच्या आत रेसिड्यूअल दोन-तीन घरं उतरला पाहिजे. पंधरा इटरेशनमध्ये उतरत नसेल तर इटरेशन वाढवू नका, पाऊल लहान करा.

स्टेडी रनच्या झोक्यांची सरासरी घेऊन भागणार नाही का? कधी भागतं. शेवटच्या हजार इटरेशनची सरासरी काढा आणि त्याआधीच्या हजारांची काढा. दोन्ही अर्ध्या टक्क्याच्या आत जुळत असतील, आत-बाहेरचा हिशेब लागत असेल आणि झोके सारख्याच उंचीचे असतील, तर तो मध्य मी प्राथमिक आकडा म्हणून देतो, प्राथमिक असं लिहून. सरासरीच सरकत असेल तर नाही. इटरेशन म्हणजे काळ नव्हे, त्यामुळे ही सरासरी खऱ्या काळाच्या सरासरीइतकी असेलच याची हमी कोणी देत नाही. अनेकदा जवळ येते, बस.

आकडा कशासाठी हवाय, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही, आणि माझ्या उत्तराचा मोठा भाग त्यावर अवलंबून आहे. पंपाचं हेड ठरवायचं असेल तर लाइनच्या एकूण तोट्यात हा अर्धा किलोपास्कल इकडे-तिकडे कोणाला जाणवणारही नाही. जुनी आणि नवी तबकडी यांची तुलना असेल, तर दोघींमधला फरक किती ते बघा. नवी ४० टक्क्यांनी सरस दिसत असेल तर आत्ताच सांगून टाका. फरक ३ टक्के असेल आणि झोके मध्यापासून ६ टक्के असतील, तर त्या रनवरून कोणतीच बाजू घेऊ नका. आणि ॲक्च्युएटर (तबकडी फिरवणारं यंत्र) निवडायला तबकडीवरचा टॉर्क (पीळ) हवा असेल, तर सरासरी कामाची नाही, तिथे शिखर लागतं. प्रेशर ड्रॉप भोवऱ्यांनी जेवढा हलतो त्याहून टॉर्क कितीतरी जास्त हलतो, आणि एसएसटी मॉडेल ट्रान्झिएंटमध्येही ते शिखर थोडं दाबूनच टाकतं. त्यासाठी मोठे भोवरे थेट सोडवणारी पद्धत आणि १२ लाखांपेक्षा बरीच मोठी मेश लागेल. ते शुक्रवारपर्यंत होणार नाही.

मेशबद्दल एकच सांगतो. वेळ मिळेल तेव्हा प्रत्येक दिशेला १.३ पट बारीक करत १२, २६ आणि ५८ लाख अशा तीन मेशवर ड्रॉप काढा. तो एका आकड्याकडे झुकत जातोय का, हे बघण्याला पर्याय नाही. फक्त घाबरू नका: मेश बारीक केल्यावर स्टेडीचा रेसिड्यूअल बहुधा आणखी बिघडेल, कारण कृत्रिम चिकटाई कमी होते आणि भोवऱ्यांना हात-पाय पसरायला जागा मिळते. पोरं इथेच गडबडतात आणि जाड मेशवर परत जातात. तुमच्या तबकडीच्या कडा धारदार असतील तर प्रवाह कुठे सुटणार ते भूमितीच ठरवते, त्यामुळे भिंतीलगतच्या पहिल्या सेलबद्दल मी फार काटेकोर राहणार नाही, वाय-प्लस (भिंतीपासून पहिल्या सेलच्या अंतराचं एकक नसलेलं माप) ३० ते ३०० मध्ये असला तरी चालेल. कडा गोल असतील तर मात्र सुटण्याची जागा हिशेबावर अवलंबून असते, आणि मग वाय-प्लस १ च्या जवळ आणावा लागेल.

समजा चाळीस तास मिळालेच नाहीत, मशीन दुसऱ्या कोणी अडवलं. तरी आज आउटलेट लांबवून स्टेडी रन लावा आणि शुक्रवारी साहेबांना दोनच ओळी लिहा: प्रेशर ड्रॉप अमुक ते अमुक किलोपास्कल, दोन व्यास अलीकडे आणि सहा व्यास पलीकडे मोजलेला. तबकडीमागचा प्रवाह अस्थिर आहे म्हणून एक आकडा न देता पट्टा दिलाय, ट्रान्झिएंट रन बाकी आहे, सोमवारी पक्का आकडा देतो. टॉर्कबद्दल त्यांनी विचारलं तर या रनवरून काहीही सांगू नका.